मुलांना नेटवर माहिती शोधायला तुम्ही कसं शिकवता? (लोणारच्या वयावरून निघालेला धागा)

शाईपेन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला भूगोल शिकवते. नववीच्या वर्गाला एक साधा प्रश्न घरून शोधून आणायला दिला होता: लोणारचं विवर किती वर्षांपूर्वी तयार झालं? बहुतेक मुलं लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात आणि कमळजादेवीला जाऊन आलेली आहेत, त्यामुळे विषय परका नव्हता.

काहींनी ५० हजार वर्षं लिहून आणलं, काहींनी ५२ हजार, तिघी-चौघींनी ५ लाख ७० हजार. एकाने लवणासुर राक्षसाची कथा लिहिली होती आणि ती नीट, सविस्तर लिहिली होती. उत्तराखाली जवळजवळ सगळ्यांनी एकच ओळ टाकलेली: "संदर्भ: गूगल".

कसं शोधलंत, असं विचारल्यावर कळलं की वहीतला प्रश्न जसाच्या तसा फोनमध्ये बोलून टाकला आणि वर चौकटीत जे आलं ते उतरवलं. ज्याला जी चौकट दिसली ती त्याची. ५२ हजारवाल्यांना ५ लाख ७० हजारवाले चुकले असं वाटत होतं आणि त्यांना हे. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, तुम्ही सांगा ना कुठलं बरोबर."

मी सांगितलं नाही. तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, हे कुणी मोजलं? कशावरून? केव्हा? दोन तास त्यातच गेले आणि ते फार चांगले गेले. शोधता शोधता मुलांना कळलं की ५२ हजार (अधिक-उणे ६ हजार) हा आकडा १९९०च्या दशकातल्या तापदीप्ती पद्धतीच्या मोजणीतून आला. खनिज शेवटचं केव्हा तापलं होतं, याचा अंदाज त्या पद्धतीने काढतात. ५ लाख ७० हजार (अधिक-उणे ४७ हजार) हा आकडा २०११ साली 'जिऑलॉजी' या नियतकालिकात आला. त्यासाठी उल्केच्या आघातात वितळलेल्या खडकातल्या अरगॉन वायूच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं होतं. "सुमारे ५० हजार" हा ५२ हजारचाच गोल केलेला आकडा, एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उतरत गेलेला. आणि लवणासुराची कथा वयाबद्दल काही सांगतच नाही. ती या जागेला लोकांनी काय अर्थ दिला ते सांगते. तो प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर शोधायची जागाही वेगळी.

म्हणजे मुलांना आकडा मिळत होता, पण तो कुठून आला हे विचारायचं असतं हेच कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. आपण प्रकल्प देतो, "इंटरनेटवरून माहिती मिळवा" असं लिहितो, आणि ती मिळवायची कशी यावर एक तासिकाही ठेवत नाही.

मला हे वर्षभर पद्धतशीर शिकवायचं आहे. मराठी माध्यम, संगणक कक्षात चालू स्थितीतले संगणक थोडे, घरी बहुतेकांकडे वडिलांचा फोन, तोही रात्री. तुम्ही शिक्षक असा, पालक असा, ग्रंथपाल असा, काय करता ते सविस्तर लिहा.

संदर्भ_विभाग

ताई, धागा काढलात हे फार बरं झालं. मी जन्मभर ग्रंथालयात संदर्भाच्या टेबलावर बसलो, आता निवृत्त आहे. आमच्या कामातली एक गोष्ट इथे जशीच्या तशी उपयोगी पडेल.

वाचक यायचा आणि म्हणायचा, "लोणारवर काही आहे का?" आम्ही लगेच कपाटाकडे जात नसू. आधी विचारायचो, तुम्हाला नेमकं काय हवंय? आकडा, नकाशा, कारण, की कुणाचा अनुभव? मग मनाशी दुसरा प्रश्न: ही गोष्ट कुणी लिहून ठेवली असेल? शोधाचं निम्मं काम या दुसऱ्या प्रश्नात होतं. विवराचं वय भूवैज्ञानिक लिहील आणि बहुधा इंग्रजीत लिहील. देवळाबद्दल पुरातत्त्ववाला लिहील. शंभर वर्षांपूर्वी सरोवराकाठी काय पिकत होतं ते गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या जुन्या सरकारी ग्रंथात असेल. मुलाने फोन हातात घेण्याआधी वहीत "हे कुणाला माहीत असेल?" याचं उत्तर लिहावं. एवढी एक सवय लावा.

गॅझेटिअरवरून एक पक्की युक्ती सांगतो. बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटिअर १९१० साली निघालं. त्यात जिल्ह्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एच' नाही. आजच्या स्पेलिंगने शोधाल तर ते पुस्तक समोर येईलच असं नाही. पुण्याचं जुनं स्पेलिंग 'पूना', ठाण्याचं 'थाना', सोलापूरचं 'शोलापूर', आणि रायगड जिल्हा तर तिथे 'कुलाबा' म्हणून आहे. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर प्रामुख्याने १८८०च्या दशकात निघाली, ती नेटवर फुकट वाचता येतात. पण गावाचं त्या काळचं नाव टाकलं तरच हाती लागतात.

मराठी विश्वकोशही मुलांना दाखवाच. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ला आला, आणि आता सगळं नेटवर मोफत आहे. भाषा नेमकी, नोंदीखाली लेखकाचं नाव. फक्त नोंद कुठल्या खंडातली आणि तो खंड कोणत्या साली निघाला हे बघायला शिकवा. जी नोंद २०११च्या आधी छापली गेली, तिच्यात ५ लाख ७० हजार सापडणार नाही. त्यात नोंदीचा दोष नाही, तेव्हा ती मोजणीच झालेली नव्हती.

पाचवीची_आई

वाचते आहे. माझ्या मुलीचा प्रश्न वेगळाच. तिला वाचायचा कंटाळा, ती सरळ व्हिडिओ बघते. दहा मिनिटांच्या व्हिडिओत उत्तर असतं दोन वाक्यांचं, आणि तो माणूस कोण हे कळत नाही. व्हिडिओ बंदच करावेत का?

शाईपेन

बंद करू नका असं मला वाटतं. भरती-ओहोटी, ग्रहण, ज्वालामुखी या गोष्टी व्हिडिओत जितक्या कळतात तितक्या कागदावर नाही कळत. मी मुलांना सांगते, व्हिडिओ समजून घ्यायला बघा, पण आकडा, तारीख आणि "संशोधनाने सिद्ध झालंय" असं वाक्य आलं की तिथे थांबा, वहीत लिहा आणि ते वेगळं शोधा. व्हिडिओखालच्या वर्णनात मूळ संशोधनाचा दुवा दिलाय का, एवढं पाचवीतली मुलगीही बघू शकेल.

कळफलक

मी संगणकाच्या बाजूने लिहितो. मराठीत शोधताना ज्या अडचणी येतात त्या इंग्रजी माध्यमासाठी लिहिलेल्या पुस्तकांत कुठेच सापडत नाहीत, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली अडचण लेखनाची. 'किल्लारी' आणि 'किलारी', 'बुलढाणा' आणि 'बुलडाणा', 'ॲसिड' आणि 'ऍसिड', 'माहिती' आणि 'माहीती'. गूगल यातलं बरंच सांभाळून घेतं. पण सरकारी संकेतस्थळांच्या आत जी शोधपेटी असते ती सहसा अक्षर न् अक्षर जुळलं तरच निकाल देते. शासन निर्णय शोधणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत आहे. तिथे लांब वाक्य टाकू नका. विभाग निवडा, तारखेचा टप्पा द्या आणि शीर्षकातला खात्रीचा एकच शब्द टाका.

दुसरी अडचण मोठी आहे. युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) रुळण्याआधीचा मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या वेगवेगळ्या फॉन्टांत टंकलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच रोमन अक्षरं असतात. पुष्कळ पीडीएफ तर पानांचे नुसते फोटो आहेत. हा मजकूर नेटवर असूनही शोधात येत नाही. म्हणून "मराठीत काहीच नाही" असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांना सांगायला हवं की असेलही, पण शब्दाने सापडणार नाही. अशा वेळी पुस्तकाच्या किंवा अंकाच्या नावाने शोधायचं, ते उघडायचं आणि अनुक्रमणिका वाचायची.

तिसरं, शब्दांची यादी. कोणताही विषय घेतला की फोन उघडण्याआधी फळ्यावर तीन रकाने करा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि लोक रोमन लिपीत मराठी लिहितात तसा शब्द. १९९३चा भूकंप घ्या. गावात 'किल्लारीचा भूकंप' म्हणतात, बाहेर 'लातूरचा भूकंप', काही इंग्रजी कागदांत 'महाराष्ट्र भूकंप'. तिन्ही नावांनी शोधलं तर तीन निराळे ढीग सापडतात. आणि मग तुमच्या लोणारसारखंच होतं: तीव्रता कुठे ६.२, कुठे ६.४. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८, तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत ९,७४८. हा आकडा कुणाचा, हे विचारल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नये.

चिन्हं थोडीच शिकवा, पण पक्की करून घ्या. नेमका शब्दसमूह हवा असेल तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या. एकाच संस्थेच्या संकेतस्थळावर शोधायचं असेल तर रोमन लिपीत 'साइट', लगेच अपूर्णविराम, आणि चिकटून पत्ता. पत्त्याच्या जागी नुसतं 'जीओव्ही डॉट इन' टाकलं तरी खासगी शिकवण्यांची आणि जाहिरातींची गर्दी बाजूला होते. आणि पान उघडल्यावर पानाच्या आत शोधायचं कसं, हेही दाखवा. संगणकावर कंट्रोल आणि एफ, फोनवर ब्राउझरच्या तीन ठिपक्यांत 'पानावर शोधा'. शंभर पानी अहवालात 'लोणार' कुठे आहे हे दोन सेकंदांत कळतं, तरी मुलं अंगठ्याने पानं सरकवत बसतात.

खडूफळा

माझं मत थोडं विरोधात जाणारं आहे, पण मनापासून लिहितो. ज्या मुलाला विषयाची काहीच माहिती नाही, त्याला शोधायला पाठवून काय साध्य होतं? बेसाल्ट म्हणजे काय, उल्का म्हणजे काय, लाख आणि हजार वर्षांत किती अंतर आहे हे ठाऊक नसेल तर त्याला ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार सारखेच. आधी पाठ्यपुस्तक नीट शिकवावं, चार पुस्तकं वाचून घ्यावीत, मग नेट. नाहीतर आपण शोधायचं कौशल्य शिकवतोय असं म्हणत राहू आणि मुलं फक्त अधिक वेगाने उतरवायला शिकतील.

संदर्भ_विभाग

खडूफळा सर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याने विश्वकोशातली एक नोंद आधी वाचली आहे, तो पुढचा शोध फार चांगला घेतो, कारण त्याच्या हाती शब्द असतात. 'आघात विवर', 'बेसाल्ट', 'दख्खनचे पठार' हे शब्द नोंदीतूनच मिळतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी एक विश्वासाची, छोटी नोंद; तिच्यातून शब्द; मग शोध. पण पुस्तकं संपेपर्यंत नेट थांबवून ठेवता येणार नाही. मूल घरी गेलं की फोन हातात घेणारच. ते आपल्यासमोर शोधायला शिकलं तर बरं.

बीएड_कट्टा

मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवते. या विषयावरचा एक अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली तो मांडला. त्यांनी ४५ जणांना संगणकावर बसवलं: १० पीएचडी झालेले इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी. त्यांच्यासमोर अनोळखी संकेतस्थळं ठेवली आणि यावर भरवसा ठेवाल का, असं विचारलं.

त्यातली एक जोडी मी दर वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स' ही १९३० साली स्थापन झालेली, बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना. 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिॲट्रिशियन्स' हा तिच्यातून फुटून २००२ साली निघालेला छोटा गट. नावं सारखी, दोघांचीही पानं देखणी. विद्यार्थी आणि अनेक इतिहासतज्ज्ञ त्या पानावरच राहिले. रचना, बोधचिन्ह, लेखाखालची संदर्भयादी बघत बसले आणि फसले. तथ्यतपासनीसांनी पान पुरतं वाचलंसुद्धा नाही. त्यांनी शेजारी नवीन टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. थोड्याच वेळात त्यांना फरक कळला.

आपण वर्षानुवर्षं उलट शिकवत आलोय: पान नीट वाचा, 'आमच्याविषयी' वाचा, पत्त्यात काय आहे बघा. पान ज्याने बनवलंय तो स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार. त्या पानाबाहेर पडून विचारायचं, हे शिकवायला हवं. खडूफळा सरांच्या मुद्द्यालाही यात एक उत्तर आहे. त्या इतिहासतज्ज्ञांकडे ज्ञान भरपूर होतं, तरी ते अडकले. ज्ञान लागतंच, पण ही सवय त्यापासून आपोआप येत नाही.

शाईपेन ताई, संगणक कमी असतील तर हा तास विजेशिवायही होतो. एका प्रश्नाच्या निकालांच्या पहिल्या पानाची छापील प्रत काढा आणि चार-चार मुलांच्या गटाला एकेक द्या. कुठल्या दुव्यावर जाल, कुठल्या नाही, आणि का, ते पेन्सिलने खूण करून सांगायला लावा. 'प्रायोजित' असं लिहिलेला निकाल म्हणजे जाहिरात, हे आमच्या बीएडच्या मुलांपैकीही अनेकांना पहिल्यांदा याच तासाला कळतं.

आकडेमोड

गणित-विज्ञान शिकवतो. बीएड_कट्टा ताईंना अनुमोदन. माझा एक ठरलेला प्रश्न आहे, कुठल्याही वर्गात चालतो: २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता किती? अर्धा वर्ग ८२.९१ टक्के आणतो, अर्धा ८२.३४. दोन्ही आकडे जनगणना खात्याचेच. पहिला मार्च २०११च्या तात्पुरत्या निष्कर्षांतला, दुसरा नंतरच्या अंतिम तक्त्यांतला. लोकसंख्येचंही तसंच: तात्पुरती ११,२३,७२,९७२ आणि अंतिम ११,२३,७४,३३३.

यातून मुलं 'तात्पुरता' आणि 'अंतिम' हे शब्द शोधात घालायला शिकतात. आणि एका आकड्यावर भांडण्याऐवजी त्याच्यापुढे कंसात साल आणि तक्ता लिहायला लागतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांनाही हा प्रश्न घालून बघा.

ओसरीपलीकडे

मी अमेरिकेत न्यू जर्सीत असते, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडची मुलं शोधण्यात तरबेज, पण सगळं इंग्रजीत. दिवाळीवर माहिती आणा म्हटलं की अंतराळातून दिसणाऱ्या दिवाळीतल्या भारताचा तो रंगीबेरंगी फोटो हमखास येतो, कारण आजी-आजोबांनी तो भारतातून व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो.

मी त्यावर एक अख्खा तास घेते. फोटोवर बोट दाबून धरायचं, चित्रावरून शोध घ्यायचा आणि निकालांत सगळ्यात जुनं पान शोधायचं. मुलं पोचतात ते अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व सागर संस्थेतल्या ख्रिस एल्विज यांच्यापर्यंत. त्यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून वस्ती कशी वाढली हे दाखवायला ते चित्र बनवलं होतं. पांढरे दिवे १९९२च्या आधीपासूनचे, निळे १९९२ला दिसू लागलेले, हिरवे १९९८ला, लाल २००३ला. दिवाळीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. नासाने १२ नोव्हेंबर २०१२च्या रात्रीचं भारताचं खरं चित्रही दिलं आहे, आणि दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जाणवण्याइतका नसतो असं त्यासोबत स्पष्ट लिहिलं आहे.

पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलं हे आजीला फोनवर सांगतात. चिडवायचं नाही, "आजी, मला या चित्राची खरी गोष्ट सापडली" असं सांगायचं, हे आम्ही आधी वर्गात म्हणून बघतो. वस्तीच्या वाढीची गोष्ट आजीलाही आवडते.

निम्नस्तर_नको

सगळं छान चाललंय, पण आता मुलं गूगलही करत नाहीत. थेट एआयला विचारतात. गूगलच्या निकालांतसुद्धा २०२४पासून भारतात वरती एआयचा सारांश येतो. खालचे दुवे उघडणार कोण? तुमचा निम्मा अभ्यासक्रम आताच जुना झालाय.

कळफलक

जुना झाला असं मला वाटत नाही, उलट गरज वाढली. एआय सफाईदार वाक्य देतं, आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेला संदर्भही तितक्याच सफाईने देतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी एआयने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. शिकलेल्या, व्यवसायातल्या माणसांचं हे झालं. त्यांनी तो निवाडा न्यायालयीन निवाड्यांच्या संग्रहात एकदा शोधला असता तर तिथेच कळलं असतं.

मी माझ्या पुतण्याला एआय वापरू देतो, पण ठरवून दिलेल्या कामासाठी. शब्द माग, उत्तर मागू नकोस. "उल्केच्या आघाताने झालेल्या विवराला इंग्रजीत भूवैज्ञानिक काय काय म्हणतात?" हे विचारायला ते फार उपयोगी. मराठी माध्यमातल्या मुलासाठी इंग्रजी पारिभाषिक शब्द मिळणं हीच मोठी अडचण असते आणि ती इथे सुटते. मग ते शब्द घेऊन शोध स्वतः घ्यायचा. सारांश आलाच तर त्याच्या बाजूला दिलेला दुवा उघडायचा आणि ते वाक्य तिथे खरंच आहे का, ते पानावर शोधून बघायचं. अनेकदा दुवा असतो, पण वाक्य तिथे नसतं.

निम्नस्तर_नको

शब्द माग, उत्तर मागू नकोस. हे पटलं. दहावीतल्या मुलासाठी उद्यापासून करून बघतो.

पाणवठा

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले. मला एक राहिलेली बाजू मांडायची आहे. मी अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा शिकवते. तिथे प्रकल्प असतो आणि गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत तो तयार मिळतो: मुखपृष्ठ, प्रस्तावना, निष्कर्ष, सगळं. विद्यार्थ्याने फक्त नाव घालायचं. मुलांना दोष देऊन भागत नाही, कारण प्रश्नच असा असतो की त्याचं उत्तर सगळ्या महाराष्ट्रात एकच. "पाण्याचे महत्त्व" हा विषय दिला तर मूल दुसरं काय करणार?

म्हणून मी प्रश्न बदलला. तुमच्या गल्लीतल्या किंवा शिवारातल्या एका विहिरीचं किंवा बोअरचं पाणी गेल्या काही वर्षांत वर आलं की खाली गेलं, आणि का? याचं तयार उत्तर नेटवर नाही. पण उत्तराचे तुकडे आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, तालुक्याच्या पावसाचे आकडे आहेत, पीकपाहणी आहे. ते शोधावे लागतात, आणि शोधायला 'तालुका', 'पाणलोट क्षेत्र', 'भूजल पातळी', 'मान्सूनपूर्व' हे शब्द माहीत असावे लागतात. उरलेलं ज्याची विहीर आहे त्याला विचारून, दोर सोडून मोजून येतं. एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांना विचारलं की परसातली विहीर कधी खोल करावी लागली. त्यांनी साल सांगितलं नाही, "१९७२च्या दुष्काळानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात" असं सांगितलं. ते साल पावसाच्या आकड्यांशी जुळतं का हे तिने शोधलं. इतका चांगला शोध मी पदवीच्या वर्गातही क्वचित पाहिला आहे.

नेटवर काय नाही, हे कळणं हाही शोधण्याचा भाग आहे. मुलाला "सापडलं नाही" असं लिहायची मुभा द्या, फक्त त्यापुढे कुठे कुठे आणि कुठल्या शब्दांनी पाहिलं ते लिहायला लावा. त्याला मी गुण देते.

खडूफळा

पाणवठा ताई, हा प्रकल्प असेल तर माझा विरोध नाही. यात पुस्तक आहे, शिवार आहे आणि नेट आपल्या जागी आहे. "सापडलं नाही"ला गुण देण्याचं मात्र मला नीट समजून घ्यायचं आहे. मुलं त्याचा सोपा रस्ता करणार नाहीत का?

पाणवठा

नुसतं "सापडलं नाही" याला शून्य, सर. वापरलेले शब्द, उघडलेली पानं आणि ती का सोडली याचं कारण लिहिलं तरच गुण. हे लिहायला उत्तर उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे पळवाट म्हणून कुणी तिकडे जात नाही.

शाईपेन

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. जे ठरवलं आहे ते लिहिते, सुचवण्या आल्या तर बदलेन.

प्रत्येक मुलाची एक शोधवही असेल, साधी शंभर पानी. डाव्या पानावर शोध सुरू करण्याआधीचं: प्रश्न, उत्तराचं स्वरूप, हे कुणाला माहीत असेल, आणि कळफलक यांचे तीन रकाने. उजव्या पानावर नंतरचं: कुठली पानं उघडली, कुठली सोडली, आकडा कुणाचा आणि कोणत्या सालचा. "संदर्भ: गूगल" लिहिलं तर ती वही परत. गुण उजव्या पानाला जास्त, उत्तराला कमी.

पहिल्या महिन्यात फोनच नाही. बीएड_कट्टा ताईंनी सांगितल्याप्रमाणे छापील निकाल, आणि संदर्भ_विभाग काकांच्या क्रमाने विश्वकोशातली एकच नोंद. त्यानंतर आकडेमोड सरांचा साक्षरतेचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर दोन तासांत हमखास मिळतं आणि मुलांना हुरूप येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी अर्थातच ओसरीपलीकडे यांचं चित्र.

सुट्टीनंतरचा मोठा प्रश्न ठरला आहे. जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. ते कशाने, आणि हे कुणी तपासलं? तेव्हाच्या बातम्यांत शैवालापासून चमत्कारापर्यंत सगळं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. मुलांनी पहिल्या आठवड्यातल्या बातम्या आणि तपासणीनंतरच्या बातम्या वेगळ्या लावायच्या, तारखेचा टप्पा देऊन शोधायचं, आणि कुठली बातमी नंतर कुणी दुरुस्त केली ते बघायचं. गावातल्या कुणी तेव्हा काठावर जाऊन फोटो काढला असेल तर तोही वर्गात आणायचा, तारखेसकट.

पाचवीची_आई

शोधवहीचा नमुना पाचवीसाठी सोपा करून मिळेल का? तीन रकाने तिला जमणार नाहीत.

शाईपेन

पाचवीला दोनच ओळी पुरे: "मला काय हवंय" आणि "हे कुणी सांगितलं". नमुन्याचं पान उद्या टंकून ठेवते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. पाणवठा ताई, विहिरीच्या प्रकल्पाची गुणांची विभागणी तुम्ही कशी केली आहे ते मलाही हवं आहे.

पाणवठा

व्यनि केला आहे. तालुक्याच्या पावसाचे आकडे कुठून घ्यायचे तेही त्यात लिहिलं आहे.